पोत्यांमागची भिंत

आमच्या दुकानात सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकावरून प्लाय कापणारं मशीन, आलं ते चाचांच्या हट्टामुळं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणाऱ्याला भलतंच वाटतं. मशीन आलं आणि जुना मिस्त्री बाजूला पडला, अशी गोष्ट लोकांना आयतीच हवी असते. मीही ती बऱ्याच जणांना सांगितली आहे. मशीनवर खापर फोडणं सोपं, ते काही उलटून बोलत नाही.

चाचा माझे उस्ताद. धाराशिवात चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. बेंबळी गावची आमची शेती थोरल्या भावाकडं गेली आणि मी विशीत त्यांच्याकडं कामाला लागलो. नातं रक्ताचं नाही, गल्लीचं नाही, धर्माचंही नाही. तरी त्यांनी रंधा कसा धरायचा इथपासून गिऱ्हाइकासमोर किती बोलायचं इथपर्यंत सगळं हातचं काही न राखता शिकवलं. पुढं मी शहराबाहेरच्या रस्त्याला पत्र्याचं शेड टाकून स्वतःचं दुकान काढलं, तेव्हा चाचा आपली हत्यारांची पिशवी घेऊन तिथं येऊन बसले. मालक मी, पण दुकानात शब्द त्यांचाच चालायचा. मला ते आवडायचं. निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

किचनच्या कपाटांची कामं वाढत होती आणि प्लायच्या शीट हातानं कापून आमचे खांदे गळत होते. चाचा कुणाबरोबर तरी सोलापूरला जाऊन एका कारखान्यातलं मशीन बघून आले आणि पुढं आठवडाभर त्यांना दुसरा विषय नव्हता. "घेऊन टाक," ते म्हणाले. "आज न्हाय घेतलंस तर धा वर्षांनी लोक तुला खोकी ठोकणारा म्हणतील." मशीन आलं त्या दिवशी नारळ मी फोडला आणि पेढे त्यांनी आणले. त्यानंतर ते स्टूल घेऊन मशीनशेजारी बसायचे. मी संगणकावर कपाटाचं चित्र काढायचो, कुठल्या शीटमधून कुठला तुकडा काढायचा ते मशीनच ठरवायचं, कापणारं बिट गरगरत खाली यायचं आणि एका सकाळीत अख्ख्या किचनचे तुकडे बिजागरीच्या भोकांसकट तयार. चाचा एकेका तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवायचे. "एवढं खरं माणूस बी बोलत न्हाय," असं एकदा म्हणाले होते.

एका बाबतीत मात्र ते ऐकायचे नाहीत, ती म्हणजे माप. मशीन सांगाल तसं कापतं, पण काय सांगायचं ते माणसानंच आणायचं असतं. चाचा टेपवरचे आकडे लिहून घेत नसत. एक लाकडी पट्टी न्यायची, भिंतीला टेकवायची आणि पट्टीवरच पेन्सिलनं खूण करायची. खाली एकदा, मध्ये एकदा, वर एकदा. पुढं घेतलं की मागंही. शिवाय दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच, जागा सोडायची आणि नंतर ती बारीक पट्टी मारून झाकायची. मला या सगळ्याची लाज वाटायला लागली होती. माझ्या खिशात लेझरचं यंत्र होतं. बटण दाबलं की भिंतीवर लाल ठिपका आणि हातात मिलिमीटर. सोडलेली जागा आणि मारलेल्या पट्ट्या मला अडाणीपणाच्या खुणा वाटायच्या. माझी कपाटं भिंतीला अंग लावून बसणार होती.

मशीन येऊन पाचेक महिने झाले तेव्हा माकणीच्या एका निवृत्त गुरुजींचं काम आलं. मुलीचा साखरपुडा घरीच करायचा होता, त्याआधी स्वयंपाकघर नवं करायचं होतं. घर भूकंपानंतरच्या वसाहतीतलं, त्याला गुरुजींनी नंतर एक खोली जोडलेली. स्वयंपाकघर या दोहोंच्या मधोमध आलं होतं, एका अंगाला जुनी भिंत आणि दुसऱ्या अंगाला नवी. या दोन भिंतींमध्ये नऊ फुटांची जागा होती आणि तिथं पाच कपाटं शेजारी शेजारी बसवायची होती.

माप घ्यायला आम्ही दोघंही गेलो होतो. पण गुरुजी आणि चाचा जुने ओळखीचे, गुरुजींनी चाचांना ओसरीवरच धरून चहाला बसवलं. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही बसा, मी घेतो माप." आत गेलो तर मागच्या भिंतीला लागून डोक्याच्या वर जाईल इतकी ज्वारीची पोती रचलेली. सुगी नुकतीच झाली होती. गुरुजींचा सालगडी तिथं होता, तो म्हणाला, "पोती हलवू का? दोघं असलो तर घटकाभराचं काम हाय." मी म्हणालो, "राहू द्या. मशीन मिलिमीटरवर कापतंय."

हे वाक्य मी आजही स्वतःला ऐकवतो. मशीन मिलिमीटरवर कापत होतं, त्यात काही खोटं नव्हतं. पण भिंत माझ्या मशीनला विचारून बांधली नव्हती. मी पोत्यांच्या पुढं उभा राहून जागेच्या तोंडाशी एकदा लाल ठिपका मारला, आकडा टिपला आणि बाहेर येऊन चहा प्यायलो.

परतताना टेम्पोत चाचांनी विचारलं, "पुढं-मागं दोन्हीकडं घेतलंस का?"

"घेतलं."

"सुगीचे दिस हाईत. पोती असतील आड. हलविली ना?"

"व्हय, हलविली," मी म्हणालो. ते लगेच दुसऱ्या विषयावर गेले. माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना एक क्षणसुद्धा लागला नाही.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आम्ही कपाटं घेऊन गेलो. पोती निघाली होती, भिंतींना रंग झाला होता. पाहुणे उतरले होते, बायका भांडी घेऊन दारात खोळंबल्या होत्या. पहिली चार कपाटं सरळ बसली. पाचवं अर्ध्यावर जाऊन अडलं. मी खांद्यानं रेटलं, चाचांनी हातानं मला थांबवलं आणि वाकून मागं बघितलं. मग पट्टी मागितली. नवी भिंत जुन्या भिंतीला काटकोनात भिडली नव्हती, ती आत झुकत गेली होती. तोंडाशी नऊ फूट असलेली जागा मागं सव्वा इंचानं कमी होती.

चाचांनी पट्टी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. पोती हलवली नव्हती हे त्यांना त्याच क्षणी कळलं.

गुरुजी आत आले. ते ओरडले नाहीत. आयुष्यभर वर्गावर उभे राहिलेले, त्यांना आवाज चढवायची गरजच नव्हती. "माप कुणी घेतलं होतं?" एवढंच त्यांनी विचारलं. सगळं घर ऐकत होतं. मी लेझरचं यंत्र काढून उगाच त्याची बटणं दाबत बसलो. मूग गिळून बसणं म्हणतात ते काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मूग नव्हे, दगड होता तो.

चाचांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "म्या घेतलं, गुरुजी," ते म्हणाले. "नजरेतनं सुटलं."

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना तुमचं?"

"व्हय. झालंय."

"मग मापं ह्याला घेऊ द्यायची होती. ह्याच्याकडं सगळी यंत्रं हाईत."

चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मशीन यायच्या दोन वर्षं आधी झालं होतं आणि त्यानंतर ते सुईत दोरा माझ्याआधी ओवायचे. हे मला ठाऊक होतं. मी ते बोललो नाही. भर दुपारी अंगणात ते पाचवं कपाट आडवं टाकून चाचांनी त्याची मागची कड हातकरवतीनं तिरकी कापली. प्लायवर लॅमिनेट चिकटवलेलं, ते करवतीनं कापलं की कडेला टवके उडतात. उडाले. दाराला एका बाजूनं रंधा मारावा लागला. दिवस मावळायच्या आत कपाट बसलं, साखरपुडा पार पडला, पण पाच कपाटांत ते एकच वेडंवाकडं दिसत राहिलं. माझी मशीनवरची चार कपाटं सरळ, आणि म्हाताऱ्यानं हात लावलेलं एक वाकडं. ज्यांनी बघितलं त्यांनी तेवढंच बघितलं.

परतीच्या वाटेला चाचा टेम्पोत माझ्याशेजारी बसले. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"आज तू सांगितलं असतंस तर मशीनचं नाव खराब झालं असतं," ते म्हणाले. "दुकान नवं हाय तुझं. म्हणून म्या बोललो. आता साखरपुडा हून जाऊ दे, त्यांचा राग निवू दे, मग जाऊन सांग गुरुजीला. माप तू घेतलं हुतं म्हणून. चालंल?"

"व्हय, सांगतो."

"सांग मात्र. माझ्याजवळ दुसरं काय हाय? नजरच तर हाय. मिस्त्रीची नजर गेली म्हणल्यावर लोकं त्याला दारात उभं करत न्हाईत."

इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं त्यांनी. मला समजलं नाही असं म्हणायची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

पहिल्या आठवड्यात मी गेलो नाही, कारण गुरुजींकडं पाहुणे असतील. दुसऱ्या आठवड्यात गेलो नाही, कारण बिट तुटलं होतं. तिसऱ्या आठवड्यात गुरुजींचाच फोन आला. त्यांच्या व्याह्यांना माझी सरळ कपाटं आवडली होती आणि त्यांना दोन खोल्यांचं काम करायचं होतं. "फक्त त्या म्हाताऱ्यांना मापाला पाठवू नका," गुरुजी म्हणाले. सांगायची याहून चांगली वेळ कुठली असणार? मी म्हणालो, "न्हाय पाठवत, गुरुजी." फोन ठेवला तेव्हा चाचा दहा पावलांवर बसून कपाटाच्या कडांना पट्टी चिकटवत होते.

मग ते असं पसरत गेलं. मी कुणाला काही सांगितलं नाही, पण कुणाचं काही खोडलंही नाही. कामाला आलेला माणूस म्हणायचा, "ते मिस्त्री अजून मापं घेतात का?" मी म्हणायचो, "न्हाय, आता मीच बघतो." खोटं बोललो का? शब्दाला शब्द लावून बघितलं तर नाही. खोटं न बोलता माणसाचं नाव कसं बुडवायचं यात मी हळूहळू तरबेज होत गेलो. चाचांना बाहेरूनही थोडी कामं यायची, कुणाची चौकट, कुणाचा झोपाळा. तीही आटली. ते दिवसभर दुकानात कडा घासत बसायला लागले. मापाला मी एकटा जायचो आणि आता पोती हलवायचो. खाली, मध्ये, वर, पुढं आणि मागं माप घ्यायचो, दोन-दोन सूत जागा सोडायचो. लोक म्हणायचे, किती बारकाईनं काम करतो हा.

पावसाळा संपत आला तेव्हा चाचांनी एकदाच विचारलं, "गुरुजीकडं गेलतास का?"

"वेळच न्हाय झाला, चाचा."

"बरं," ते म्हणाले, आणि घासपेपर उलटा करून पुन्हा कामाला लागले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

हिवाळ्यात चाचांच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचा कारभार बघणारे दोघं जण दुकानात आले. मशिदीचं मोठं दार बदलायचं होतं. सागवानी दार, वरच्या भागात जाळीची नक्षी. जाळी मशीनवर करायची आणि दार, चौकटीचं माप, बसवणं हे सगळं चाचांकडं द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. चाचा तिथं लहानपणापासून नमाज पढत आले होते. त्या दिवशी ते दुकानात नव्हते. आलेल्यांपैकी जो वयानं मोठा होता तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "माकणीचं आमच्या कानावर आलंय. तुमच्याकडंच असतात ते, म्हणून तुमालाच विचारतो. नजर ठीक हाय का त्यांची?"

एका वाक्याचं काम होतं. माकणीचं माप मी घेतलं होतं, एवढंच. समोर गुरुजी नव्हते, पाहुणे नव्हते, मशीनला तर आता कामाची कमी नव्हती. तरी मी म्हणालो, "हात चांगलाच हाय त्यांचा. पण वय झालं आता."

का म्हणालो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. काम सगळं मला मिळावं म्हणून, असं सांगितलं तर ते निदान समजण्यासारखं आहे. पण तसं नव्हतं. इतके महिने जे मी टिकवून धरलं होतं, ते एका माणसासमोर मोडलं असतं तर सगळ्यांसमोर मोडलं असतं. चाचांची नजर ठीक निघाली असती तर माझी नियत वाकडी निघाली असती. दोघांपैकी एकाचंच काहीतरी बिघडलेलं असणार होतं आणि मी त्यांचं निवडलं. दोघं माना हलवून म्हणाले, मग तुम्हीच करा सगळं.

तिसऱ्या दिवशी चाचा आले. हातात लाकडी पट्टी होती, तिच्यावर पेन्सिलच्या खुणा. ती त्यांनी मशीनच्या टेबलावर ठेवली.

"मशिदीच्या चौकटीचं माप हाय," ते म्हणाले. "खाली, मधी, वर घेतलंय. दगडी चौकट हाय, खाली तीन सूत कमी भरती. दगड तासता येणार न्हाय, दार तसंच करावं लागंल."

"चाचा, मी जाणारच होतो मापाला."

"जा की. पण हे ठेव. ह्या टायमाला माप चुकलं तर म्या घेतलं म्हणून सांगायला तुझ्याकडं कोण न्हाय."

आवाजात राग नव्हता. त्यांनी कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी उचलली, पटाशा मोजल्या, रंधा फडक्यात गुंडाळला. मी म्हणालो, बसा, चहा सांगतो. ते म्हणाले, नमाजचा वख्त झालाय. नंतर दोनदा मी त्यांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजला, भाऊ कसा आहे, शेत कसं आहे ते विचारलं, आणि दुकानाचं नाव काढलं नाही.

दार मी त्यांच्याच पट्टीवरून केलं. लेझर लावून बघायची हिंमत झाली नाही. दार चौकटीत असं बसलं की पाचर लावावी लागली नाही, कुठं कागद सरकायला जागा नव्हती. लोकांनी दारावर हात फिरवून माझं कौतुक केलं, मशीनचं केलं. चाचा गर्दीत मागं उभे होते. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी माकणीला गेलो. आधी फोन केला नाही, केला असता तर पुन्हा काहीतरी निमित्त सापडलं असतं. गुरुजी ओसरीवर होते. मी बसलोही नाही. उभ्यानंच सांगितलं की माप मी घेतलं होतं, चाचा बाहेर तुमच्याबरोबर चहा पीत होते, आत पोती होती आणि मी ती हलवली नाहीत. चाचांनी मला वाचवायला स्वतःवर घेतलं. त्यांच्या नजरेला काही झालेलं नाही. मशिदीचं दार त्यांच्याच मापावर बसलंय, आणि तरी ते दुकान सोडून गेलेत. सगळं एका दमात सांगितलं. तुमच्या सालगड्याला विचारा, असंही म्हणालो. पण तो गेल्या पाडव्यालाच काम सोडून गेला होता.

गुरुजींनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे ओलावले होते.

"खाली बस आधी," ते म्हणाले. "त्या दिवशी मी काय बहिरा नव्हतो. त्यांनी आपल्या तोंडानं कबूल केलं होतं सगळ्यांसमोर. आता त्यांचं काम सुटलं, म्हणून तू त्यांची चूक अंगावर घ्यायला आलास. होय ना?"

"नाही, गुरुजी. खरंच मीच."

"चाळीस वर्षं पोरं शिकवली मी. खोटं कोण बोलतंय आणि कशासाठी बोलतंय ते मला कळतं."

मी पुन्हा सांगितलं, पोत्यांचं सांगितलं, लेझरचं सांगितलं. जितकं बारकाईनं सांगत गेलो तितका त्यांचा विश्वास पक्का होत गेला. त्यांनी आतून बायकोला बोलावलं आणि माझ्याकडं बोट दाखवलं. मला फाटकापर्यंत सोडायला आले. समोरच्या घरापुढं तिघं-चौघं बसले होते, त्यांनाही हाक मारली. "बघा," ते म्हणाले, "मिस्त्री म्हातारा झाला, मापं चुकायला लागला, आणि हा स्वतःवर घ्यायला इतक्या लांबनं आला. असा चेला मिळायला नशीब लागतं."

ती माणसं उठून उभी राहिली. एकानं माझा हात हातात घेतला. मी म्हणालो, "नाही, तसं काही नाही," पण कौतुक झालेला माणूस म्हणतो तशा आवाजात म्हणालो. आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.